फुलांच्या वाटेवर, आपल्या पावलांनी

भाद्रपद लागला की साताऱ्याहून यवतेश्वराच्या घाटाने कासकडे जाणाऱ्या रस्त्यावर वाहनांची रांग लागते. पठारावर पोचताच त्या वाहनांतून तरुण उतरतात, मुले उतरतात. आणि पुष्कळदा मागच्या आसनावर आजी किंवा आजोबा तसेच बसून राहतात. ‘तुम्हाला झेपणार नाही, पाय घसरला तर केवढ्याला पडेल,’ हे वाक्य घरूनच ठरवून आणलेले असते. बोलणाऱ्याच्या मनात माया असते आणि भीतीही खोटी नसते. उतारवयात एकदा पडणे, खुब्याचे हाड मोडणे आणि पुढचे कित्येक महिने अंथरुणाला खिळणे, हा क्रम अनेक घरांनी पाहिलेला आहे.

तथापि ‘नको’ या शब्दालाही किंमत मोजावी लागते, ती मात्र लगेच दिसत नाही. न वापरलेले पाय दुर्बल होतात, दुर्बल पायांचा तोल सुटतो, आणि तोल सुटलेला मनुष्यच अधिक पडतो. पडण्याच्या भीतीने घरात बसलेला वृद्ध काही महिन्यांत घरातच पडू लागतो. म्हणून या पंधरवड्यात आपण फुलांच्या वाटेचा विचार ‘जावे की न जावे’ असा न करता, ‘कोणी, किती आणि कोणत्या तयारीने जावे’ असा करणार आहोत. उदाहरणासाठी कासचेच पठार घेऊ. त्यातील बहुतेक गोष्टी सह्याद्रीतील कोणत्याही सड्याला लागू पडतील.

पठाराचा स्वभाव

कासचे पठार साताऱ्याच्या पश्चिमेस सुमारे पंचवीस किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटर उंचीवर आहे. २०१२ साली पश्चिम घाटातील ३९ स्थळांना युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांपैकी चार स्थळे महाराष्ट्रातील असून कोयना, चांदोली आणि राधानगरी यांच्या जोडीला कास आहे. सपुष्प वनस्पतींच्या सुमारे साडेआठशे जाती येथे आढळतात असे सांगितले जाते.

वयस्कर वाचकांच्या दृष्टीने यातील दोन गोष्टी दिलासा देणाऱ्या आहेत. विरळ हवेमुळे होणारा त्रास साधारणपणे २५०० मीटरच्या वर सुरू होतो. तेव्हा येथील उंचीचे भय बाळगण्याचे कारण नाही. दुसरे असे की येथे कोणतेही शिखर गाठायचे नसते. घाटाचा चढ वाहनाने चढलेला असतो आणि बामणोलीकडे जाणारा डांबरी रस्ता पठारावरूनच जातो. खाली उतरले की फुले समोरच असतात.

मग सांभाळायचे कशाला? पायाखालच्या जमिनीला. पठाराचा वरचा थर जांभ्या दगडाचा आहे. त्यावरील माती काही ठिकाणी बोटाच्या पेराएवढी, तर काही ठिकाणी तेवढीही नाही. मोठ्या वृक्षांची मुळे येथे रुजू शकत नाहीत, म्हणूनच ही जागा लहानशा वनस्पतींना मोकळी मिळाली आहे. पावसाळ्याच्या चार महिन्यांत त्या उगवतात, फुलतात, बी टाकतात आणि सुकून जातात. ज्या ओल्या, उथळ, खडबडीत खडकामुळे ही फुले येथे आहेत, त्याच खडकावर शेवाळ धरते आणि पाय घसरतो. फुले बोटभर उंचीची असल्यामुळे ती पाहण्यासाठी मान आणि कंबर दोन्ही खाली वाकवावी लागतात. वृद्ध शरीराला येथे जे काही जपावे लागते, ते याच दोन कारणांतून निघते.

फुलांचे पंचांग

सगळी फुले एकाच वेळी फुलत नाहीत, हे आधी जाणून घेतले तर निराशा टळते. पहिल्या पावसानंतर जमिनीतील कंद जागे होतात आणि दीपकाडीचे पांढरे तुरे दिसू लागतात. मागोमाग आषाढात पांढरी आषाढ आमरी येते. सड्यावरच्या पाणथळ डबक्यांत, इंग्रजी वाय अक्षराप्रमाणे दुभंगलेला तुरा धरणारी वायतुरा ही वनस्पती असते. तिच्या शास्त्रीय नावातच साताऱ्याचा उल्लेख आहे. पुढे गेंदाच्या लहानशा पांढऱ्या गोंड्यांनी माळ भरतो.

ज्याला लोक ‘गालिचा’ म्हणतात तो साधारणपणे ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या प्रारंभापर्यंत असतो. जांभळट गुलाबी तेरडा, पिवळीधमक सोनकी आणि निळसर जांभळी सीतेची आसवे हे त्याचे मुख्य रंग. गौरीच्या सणाला पुष्कळ घरांत आणतात त्या तेरड्याचा हा भाऊबंदच, पण जात निराळी. पिवळ्या पाकळ्यांवर दोन तांबडे ठिपके असलेल्या फुलाला मुले ‘मिकी माऊस’ म्हणतात. कवला ही रानभाजी ज्यांनी खाल्ली आहे, त्यांनी ते फूल तिच्याच गणातले आहे हे नातवंडांना अवश्य सांगावे. सीतेची आसवे दिसायला नाजूक असली तरी आपल्या सूक्ष्म पिशव्यांत पाण्यातील बारीक जीव पकडते, आणि दवबिंदू ही वनस्पती पानांवरील चिकट थेंबांनी कीटक धरते. निकस मातीत जे मिळत नाही, ते या वनस्पती अशा रीतीने मिळवतात.

तेरड्याचा रंग तीन दिवस, अशी म्हण आपल्याकडे आहे. पठारावरचा रंग त्याहून बराच अधिक टिकतो. परंतु तो दर आठवड्याला बदलतो आणि पाऊस-उन्हाच्या प्रमाणावर ठरतो. म्हणून तारीख पक्की करण्यापूर्वी त्या वेळची स्थिती विचारून घ्यावी. हंगामात प्रवेशासाठी शुल्क असते, रोजच्या पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा असते आणि नोंदणी आगाऊ करता येते. शनिवार-रविवार टाळून आठवड्याच्या मधला दिवस निवडावा. गर्दीत धक्का लागण्याचा धोका कमी होतो आणि आपल्या गतीने चालता येते.

याच पठारावर टोपली कारवीही आहे. उपड्या टोपलीसारखी दिसणारी ही झुडपे साधारणपणे सात वर्षांतून एकदा एकत्र बहरतात. कुडाच्या भिंतींना ज्या कारवीच्या काठ्या वापरत, तिचाही फुलण्याचा नियम असाच. तरुणाला सात वर्षे म्हणजे ‘पुढच्या वेळी पाहू’. सत्तरीच्या माणसाला सात वर्षे म्हणजे सत्त्याहत्तरावे वर्ष, आणि तोवर गुडघे, दृष्टी व सोबतीचे माणूस कोणत्या स्थितीत असेल हे कोणालाच ठाऊक नसते. घरातील वृद्धाला ‘पुढच्या वर्षी नेऊ’ असे सांगण्यापूर्वी हा हिशेब मनात करून पाहावा.

चष्मा आणि वाकणे

फुलांच्या वाटेवर वृद्धांना ज्या दोन गोष्टी हमखास चकवतात, त्यांचा उल्लेख सहसा होत नाही.

पहिली म्हणजे चष्मा. दुहेरी किंवा प्रोग्रेसिव्ह भिंगांचा खालचा भाग वाचनासाठी असतो. चालताना पायांकडे पाहिले की नजर त्याच भागातून जाते आणि चार-पाच फुटांवरची जमीन धूसर दिसते. दगडाची कड किंवा खळगा नेमका तेथेच चुकतो. शक्य असल्यास केवळ दूरच्या नजरेचा स्वतंत्र चष्मा चालताना लावावा. नसल्यास हनुवटी छातीकडे नेऊन भिंगाच्या वरच्या भागातून जमीन पाहण्याची सवय आधीपासून करावी. याहूनही सोपा नियम असा: चालायचे तेव्हा फुले पाहू नयेत, फुले पाहायची तेव्हा थांबावे. दोन्ही कामे एकदम केली की पाय चुकतो.

दुसरी गोष्ट वाकण्याची. फूल निरखण्यासाठी मिनिटभर खाली वाकून एकदम सरळ उभे राहिले, तर वृद्धांचा रक्तदाब क्षणभर उतरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. रक्तदाबाच्या, लघवी वाढवणाऱ्या किंवा प्रोस्टेटच्या काही गोळ्या घेणाऱ्यांत ही शक्यता अधिक असते. म्हणून उकिडवे बसणे टाळावे. घडीचे हलके स्टूल सोबत न्यावे, वाटेच्या मोकळ्या भागावर ते मांडून बसावे आणि पाहावे. उठताना दोन-चार वेळा पावले हलवावीत, काठीचा आधार घ्यावा, उभे राहिल्यावर दहापर्यंत अंक मोजावेत आणि मगच पाऊल टाकावे. ज्यांना बसणेही कठीण, त्यांच्यासाठी सोबतच्या व्यक्तीने मोबाइलवर जवळून छायाचित्र घेऊन ते मोठे करून दाखवावे. एक साधे बहिर्गोल भिंग खिशात असले तर आनंद दुप्पट होतो.

गुडघे, काठी, पादत्राणे

चढताना दम लागतो, उतरताना गुडघे बोलतात. उतारावर शरीराचा भार मांडीच्या पुढच्या स्नायूंनी रोखून धरावा लागतो. ते दुबळे असतील तर तो सांध्यावर येतो. काठी हा भार हलका करते. ती घेणे म्हणजे म्हातारपणाची कबुली, असे मानणाऱ्यांनी एखाद्या गडाखाली उभे राहून पाहावे. तरुण गिर्यारोहक दोन-दोन काठ्या घेऊन उतरताना दिसतील. एकच काठी असल्यास ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. टोकाला रबरी बूच असावे आणि ते झिजलेले नसावे. काठी टेकली असता कोपर किंचित वाकलेले राहील, एवढीच तिची उंची असावी.

पादत्राणे घोट्याला सैल नसावीत, तळ खाचांचा असावा, आणि ती सहलीच्या दिवशी प्रथमच घातलेली नसावीत. मधुमेहामुळे ज्यांच्या तळपायाची संवेदना कमी झाली आहे, त्यांना फोड आल्याचे कळत नाही. त्यांनी परत आल्यावर दोन्ही तळवे उजेडात तपासून घ्यावेत किंवा घरच्यांकडून तपासून घ्यावेत. साडीच्या निऱ्या ओल्या झाल्या की पायात घोटाळतात, म्हणून त्या दिवशी सलवार-कमीज सोयीचे. वाऱ्यात छत्री एक हात अडकवते आणि तोल ओढते. त्यापेक्षा रेनकोट, कानटोपी आणि कोरड्या मोज्यांचा एक जादा जोड उपयोगी पडतो. वृद्ध शरीर भिजले की लवकर गारठते.

पाणी आणि औषधे

वयोमानानुसार तहानेची जाणीव मंदावते. त्यात ‘वाटेत स्वच्छतागृह मिळेल की नाही’ या संकोचाने अनेक वृद्ध, विशेषतः स्त्रिया, आदल्या रात्रीपासून पाणी कमी पितात. थकवा, चक्कर आणि बद्धकोष्ठता ही त्याची पुढची पायरी. सोबतच्या माणसाने साताऱ्यातून निघण्यापूर्वी आणि पठारावर पोचताच प्रथम स्वच्छतागृहाची सोय पाहावी व तसे मोकळेपणाने सांगावे. पाणी पिण्याचा संकोच मग आपोआप सुटतो. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांना पाण्याचे प्रमाण बांधून दिलेले आहे, त्यांनी मात्र तेच पाळावे.

प्रवासाच्या दिवशी लघवीची गोळी स्वतःच्या मनाने चुकवू नये. ती केव्हा घ्यावी हे आधी डॉक्टरांना विचारावे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर चालण्याने अचानक खाली येऊ शकते. घाम, थरथर, गोंधळलेले बोलणे ही तिची लक्षणे. अशा वेळी लगेच गुण देणारी साखर, ग्लुकोजची पूड किंवा गोड सरबत वरच्याच खिशात असावे. पिशवीच्या तळाशी नव्हे. दम्याच्या रुग्णांनी फवारा जवळ ठेवावा, कारण दमट गार हवा श्वासनलिका आवळू शकते. सर्व औषधांची नावे, आजार आणि घरच्यांचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी खिशात असावी. डोंगरात मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही.

हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा शस्त्रक्रिया अलीकडेच झालेली असेल, थोडे चालताच छाती भरून येत असेल, रक्तदाब आटोक्यात नसेल किंवा गेल्या काही महिन्यांत वारंवार तोल गेला असेल, तर वैद्यकीय सल्ल्याशिवाय निघू नये. वाटेत छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, नेहमीहून वेगळा दम लागला तर ‘पुढच्या वळणापर्यंत जाऊ’ असे म्हणू नये. तेथेच बसावे आणि मदत मागावी.

सहा आठवड्यांची तयारी

भाद्रपदात जायचे असेल तर तयारी आषाढाच्या शेवटी सुरू करावी. पासष्ट वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, आणि आठवड्यातून किमान तीन दिवस तोल व बळ वाढवणारे व्यायाम करावेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. मध्यम श्रम म्हणजे चालता चालता बोलता यावे, परंतु गाता येऊ नये.

पहिले दोन आठवडे सपाट रस्त्यावर, जेवढे आज जमते तेवढेच चालावे आणि दर दोन-तीन दिवसांनी पाच मिनिटे वाढवावीत. घरी खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठण्या-बसण्याची दहा आवर्तने करावीत. जमत नसेल तर उशी ठेवून आसन उंच करावे. स्वयंपाकाच्या ओट्याला धरून टाचा उचलणे आणि एका पायावर काही क्षण उभे राहणे, हे कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत करण्यासारखे व्यायाम आहेत. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बागेतील मातीची, थोडी ओबडधोबड वाट घ्यावी. शेवटच्या दोन आठवड्यांत सहलीच्या दिवशीचीच पादत्राणे, तीच काठी आणि तोच चष्मा घेऊन चालावे, आणि एक मजला कठड्याला धरून सावकाश उतरण्याचा सराव करावा. दोन किलोमीटर अंतर, वाटेत बसण्याची मुभा घेऊन, दुसऱ्या दिवशी अंग न धरता पार होत असेल, तर पठारावरच्या छोट्या फेरीपुरती आपली तयारी झाली असे समजावे.

सोबत जाणाऱ्यांसाठी

सोबतीचे पहिले काम गती ठरवण्याचे आहे. सर्वांत सावकाश चालणारा पुढे असावा. तो मागे राहिला की घाई करतो आणि घाईत पडतो. चढावर आपण त्यांच्या एक पाऊल मागे, उतारावर एक पाऊल पुढे आणि खाली असावे. त्यांचा हात धरून ओढू नये. आपला दंड त्यांना धरू द्यावा, म्हणजे आधार किती घ्यायचा हे त्यांच्या हाती राहते. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीला धुके किंवा गर्दीत क्षणभरही एकटे सोडू नये. शक्यतो दोघे सोबती असावेत, म्हणजे एकाला मोकळेपणाने चार पावले फिरून येता येते.

ज्यांना चालणे शक्यच नाही, त्यांच्यासाठी डांबरी रस्त्याकडेला, वाहनांपासून सुरक्षित जागी खुर्ची मांडावी. तेथूनही माळ दिसतो, वारा लागतो, रंग कळतात. फूल तोडून हातात आणून देण्याचा मोह मात्र आवरावा. तोडलेल्या फुलाचे बी पडत नाही, आणि तुडवलेली वनस्पती पुढच्या वर्षी तेथे असेलच असे नाही. खुर्चीत बसलेल्या आजीला नातवाने एकेका फुलाचे नाव विचारावे, आणि आजीने आपल्या गावी त्याला काय म्हणत ते सांगावे.

आणखी एका व्यक्तीचा विचार येथे करणे आवश्यक आहे. अंथरुणाला खिळलेल्या पतीची किंवा आईची वर्षानुवर्षे सेवा करणारी व्यक्ती बहुधा स्वतःही साठी ओलांडलेली असते. ‘मी जाऊन कसे चालेल?’ या प्रश्नाने तिचा प्रत्येक हंगाम निसटतो. कुटुंबातील कोणी एक दिवस घरची जबाबदारी घेऊन तिला मोकळे करील, तर तो दिवस औषधाइतकाच मोलाचा ठरेल. तिने अपराधी वाटून घेऊ नये. संध्याकाळी परतल्यावर रुग्णाजवळ बसून पाहिलेल्या फुलांची छायाचित्रे दाखवावीत. त्या घरात बऱ्याच दिवसांनी औषधांखेरीज दुसरा विषय निघेल.

वाचकहो, या पंधरवड्यात एवढेच करावे. घरातील वृद्धांनी आपला चष्मा लावून अंगणात दहा पावले चालावे आणि जमीन कोठे धूसर दिसते ते पाहून ठेवावे. हाताचा आधार न घेता खुर्चीवरून किती वेळा उठता येते, तो आकडा भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहावा. तरुणांनी त्याच दिनदर्शिकेत भाद्रपदातला मधल्या वारचा एखादा दिवस निवडून त्यावर खूण करावी. ती खूण करण्याआधी घरातल्या वृद्धाला एकदा विचारावे, ‘किती चालायला आवडेल?’